कोळसा चिकटत नाही, बसतो

(कोळशाची चित्रं आणि त्यांची प्रदर्शनं या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. 'कोळसा उगाळावा तितका काळाच' ही म्हण चित्रकाराच्या टेबलावर अर्धीच खरी ठरते. लाकडी कोळसा कितीही उगाळा, तो काळाच राहतो. खाणीतला दगडी कोळसा मात्र खलात जसजसा बारीक होतो, तसतशी त्याची चमक जाते आणि पुडीत तपकिरी झाक दिसू लागते. त्यातून आपल्या वर्धा खोऱ्यातल्या, म्हणजे चंद्रपूर-वणी पट्ट्यातल्या कोळशात राख जास्त. राख म्हणजे न जळणारी माती आणि वाळू. ते कण कागदावर ओरखडे काढतात. म्हणून कोळशाची चित्रं म्हणतात तेव्हा चित्रकाराच्या हातात बहुतेक वेळा लाकडी कोळसा असतो, ज्याला आपण सरसकट चारकोल म्हणतो. विषय खाणीचा आणि साधन लाकडाचं, याने काही बिघडत नाही. दोन्हींचं मूळ झाडच. एक कोळसा तास-दोन तासांत विस्तवावर झालेला, दुसरा कोट्यवधी वर्षं जमिनीखाली दबून झालेला.

दगडी कोळसाच वापरायचा असेल तर तुकडे निवडून घ्या. पिवळे चमकदार ठिपके असलेला तुकडा बाजूला टाका. त्या ठिपक्यांत लोखंड आणि गंधक असतं, दमट हवेत त्यातून आम्ल तयार होतं आणि काही वर्षांत कागद तिथे ठिसूळ होतो. निवडलेले तुकडे लोखंडी खलात कुटायचे, तेही थोडे ओले करून. कोरडी पूड उडते, तिच्यात वाळूचे अतिसूक्ष्म कण असतात आणि ते फुप्फुसात गेले की परत निघत नाहीत. एन-९५ मास्क इथे सक्तीचाच समजा. पुढची अडचण अशी की कोळशाची पूड पाण्यात भिजत नाही, वर तरंगत राहते. ती आधी थोड्या स्पिरिटमध्ये कालवायची, मग पाणी घालायचं. ढवळून दोन मिनिटं थांबलं की जड, वाळूयुक्त कण तळाशी बसतात. वरचं काळं पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यायचं आणि त्यातला गाळ वाळवायचा. हा गाळ बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात घोटला की रंग तयार. डिंक जास्त झाला तर थर वाळताना तडकतो आणि चकाकतो. कमी झाला तर बोटाला काळं लागतं.

आता लाकडी कोळशाकडे येऊ, कारण खरी श्रीमंती तिथे आहे.

भिंगाखाली चारकोलची रेघ पाहिली तर ती रेघ नसतेच. कागदाच्या तंतूंवर अडकून बसलेल्या टोकदार चिलप्या दिसतात. त्यांना धरून ठेवणारं काहीही नसतं, ना डिंक, ना तेल. चारकोल कागदाला चिकटत नाही, कागदावर बसतो. आज जे काही सांगायचं आहे ते या एका गोष्टीतून निघतं. चित्र पुसता येतं ते यामुळे, भिंतीवर काढता येतं ते यामुळे आणि प्रदर्शनात खराब होतं तेही यामुळेच.

कांड्या घरी करता येतात. युरोपात विलो आणि द्राक्षवेल वापरतात. आपल्याकडे लघुचित्रकारांचे कच्चे आराखडे चिंचेच्या काड्यांच्या कोळशाने होत. नदीकाठचं वाळुंज हे विलोच्याच कुळातलं झाड, तेही चालतं. करंगळीएवढ्या जाडीच्या सरळ फांद्या घ्या, साल काढा, १२ ते १५ सेंटिमीटरचे तुकडे करून चांगले वाळवा. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते उभे गच्च भरा, फटींत कोरडी वाळू घाला. झाकणाला खिळ्याने एकच भोक पाडा आणि डबा विस्तवावर ठेवा. आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग पिवळट, झोंबणारा धूर. तो धूर पेटवला तर ज्योत धरतो. तास-दीड तासाने धूर थांबला की डबा उतरवायचा, भोक ओल्या मातीने बुजवायचं आणि डबा पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे रात्रभर, हात लावायचा नाही. इथेच घाई होते. गरम डब्यात हवा शिरली की कांड्या आतल्या आत पेट घेतात आणि सकाळी हाती राख येते. धूर थांबण्याआधी उतरवलं तर कांडी तपकिरी आणि कडक राहते, कागद खरवडते. नीट झालेली कांडी टेबलावर टाकली की बारीक खणखणते. हा आवाज ओळखता आला की रंग पाहायची गरज पडत नाही.

बाजारात दाबीव चारकोलही मिळतो. त्यात पूड आणि बांधणारा डिंक किंवा चिकणमाती असते. तो जास्त गडद, पण पूर्ण पुसला जात नाही. म्हणून क्रम ठरलेला: आधी साध्या कांडीने सगळी मांडणी, पुसापुशी, छायाप्रकाश, अगदी शेवटी, जिथे काळोख कायमचा हवा तिथेच दाबीव चारकोल. सुरुवातीलाच दाबीव चारकोल लावलेल्या चित्रात पुढे कुठे उजेड आणताच येत नाही.

उजेड आणणं म्हणजे काय, ते नीट बघू. तैलचित्रात पांढरा रंग वरून लावतात. चारकोलमध्ये उजेड हा कागदाचा असतो, तो राखून ठेवावा लागतो किंवा खोदून काढावा लागतो. अख्खा कागद कांडी आडवी धरून काळा करायचा, सांबराच्या कातड्याने किंवा मऊ सुती कापडाने तो करडा बसवायचा, मग मळता येणारं रबर टोकदार करून प्रकाश उचलायचा. हे रबर घासायचं नाही, दाबून उचलायचं. घासलं की चिलप्या तंतूंच्या खोल जातात आणि तिथे कायमचा मळकट डाग पडतो. जुन्या पुस्तकांत पावाच्या गराने पुसायला सांगितलेलं असतं. आपल्या हवेत ते टाळाच. गराचा अंश कागदात राहतो आणि पहिल्याच पावसाळ्यात तिथे बुरशी येते. हातकागदावर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ज्याला पुरेशी खळ दिलेली नाही तो कागद दोनदा पुसल्यावर लव धरतो आणि त्या लवेत काळं अडकून बसतं.

पुसलेलं पूर्ण जात नाही, हा दोष म्हणायचा की गुण? दक्षिण आफ्रिकेचे चित्रकार विल्यम केंट्रिज यांनी यावर अख्खी चित्रभाषा उभी केली. १९८९पासूनच्या त्यांच्या चलच्चित्रांत प्रत्येक चौकटीसाठी नवा कागद नसतो. एकाच कागदावर थोडं पुसायचं, थोडं नवं काढायचं, कॅमेऱ्यापाशी जाऊन टिपायचं, पुन्हा परत. माणूस चालत गेला की मागे त्याच्या आधीच्या जागांची पुसट सावली राहते. १९९१च्या 'माइन' या चित्रपटात खाणमालक पलंगावर बसून कॉफी करतो. कॉफी गाळायच्या भांड्याचा दट्ट्या तो खाली दाबतो, आणि दट्ट्या भांड्याच्या तळाशी थांबत नाही. पलंगातून, जमिनीतून, खाणकामगारांच्या वस्तीतून तो खोल खाली जात राहतो. प्रतीक कसं घडतं याचं इतकं नेमकं उदाहरण शोधून सापडणार नाही. वरची न्याहारी आणि खालचे श्रम यांना जोडणारी एकच उभी वस्तू, आणि ती ज्या कोळशाने काढली आहे तोही खालून वर आलेल्या काळ्या धुळीसारखाच दिसतो.

आपल्या मातीतलं नाव प्रभाकर पाचपुते यांचं. जन्म १९८६, गाव सास्ती, चंद्रपूर जिल्हा. घरातल्या पिढ्या कोळसाखाणीत काम केलेल्या. शिक्षण शिल्पकलेचं, आधी खैरागड आणि मग बडोदा. २०१२मध्ये मुंबईत क्लार्क हाउस या कलाकेंद्रात त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं, त्याचं नाव 'कॅनरी इन अ कोलमाइन'. खाणीत विषारी वायू साचला की माणसाच्या आधी कॅनरी पक्षी कोसळतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. पक्ष्याचा श्वास वेगवान, म्हणून त्याला आधी बाधतं. ब्रिटनच्या खाणींतून हे पक्षी हटवण्याचा निर्णय झाला तो १९८६मध्येच.

पाचपुते यांच्या चित्रांत माणसाच्या धडावर डोक्याच्या जागी दिवा येतो, यंत्र येतं, कधी भलतीच एखादी वस्तू येते. काही जण याला स्वप्नचित्र म्हणून मोकळे होतात. ते वर्णन अपुरं आहे. खाणीच्या अंधारात समोरून येणारा माणूस खरोखरच असा दिसतो: चेहरा नाही, फक्त कपाळावरचा दिवा. कामाने माणसाची ओळख गिळली, हा अर्थ त्या दिसण्यातूनच येतो, तो वरून चिकटवलेला नाही. आणि तंत्राने पाहिलं तर त्या दिव्याच्या जागी कोळसा नसतो, तिथे कोरी जागा असते. भोवतीचा काळा जितका दाट, तितका तो दिवा पेटलेला.

पुढचा प्रवास मोठा आहे: २०१४चं साओ पावलो द्वैवार्षिक, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, २०१८चं कोची-मुझिरिस, २०२२चं व्हेनिस. २०२१मध्ये वेल्समधला आर्टेस मुंडी पुरस्कार त्या वर्षी निवडलेल्या सहाही कलावंतांना मिळून दिला गेला, त्यात ते होते. साउथ वेल्स हा जुना कोळसापट्टा. तिथल्या खाणकामगारांच्या मोर्च्यांतले फलक आणि चंद्रपूरकडचं खाणजीवन यांचा धागा त्यांनी वेल्सची राजधानी कार्डिफ इथल्या प्रदर्शनात जोडला. हा धागा ओढून-ताणून आणलेला वाटत नाही, कारण दोन्हीकडे खाणीने गावाचं तेच केलं.

आता प्रदर्शनाचं व्यावहारिक अंग. इथे दालनवाले आणि तरुण चित्रकार दोघंही चुकतात, म्हणून सविस्तर बोलतो.

पहिला प्रश्न कोळसा कागदावर धरून ठेवणाऱ्या फवाऱ्याचा. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, लिटरला साधारण २० ग्रॅम, चित्रावर फवारतात. हात दीड फूट लांब, फवारा कागदाच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवायचा, एका जाड थराऐवजी दोन-तीन पातळ. फवारा कागदावरच सुरू केला तर पहिला थेंब जाड पडतो आणि तो काळा ठिपका निघत नाही. पण फवाऱ्याने कोळसा ओला होतो आणि फिकट करड्या छटा गडद होतात. मखमली पोत दबून जातो. म्हणून कागदावरचं चित्र काचेआड जाणार असेल तर फवारा न मारलेलाच बरा.

काच म्हणजे काचच, अॅक्रिलिक नको. अॅक्रिलिक पुसलं की त्यावर स्थिर वीज येते आणि ती कोळशाचे कण कागदावरून ओढून घेते. आठवड्याभरात आतल्या बाजूला चित्राची धुरकट प्रत उमटते. काच आणि कागद यांत किमान ५ मिलिमीटर अंतर हवं. माउंटच्या, म्हणजे चित्राभोवती चौकटीत लावतात त्या पुठ्ठ्यामागे खालच्या बाजूला अरुंद फट ठेवली तर गळणारी धूळ तिच्यात पडते. नाहीतर ती माउंटच्या पांढऱ्या कडेवर साचून रेघ दिसते. कागद मागे फक्त वरच्या कडेला, जपानी कागदाच्या बिजागऱ्या आणि गव्हाच्या खळीने टांगायचा. चिकटपट्टी लावू नका.

दिव्यांबद्दल एक गैरसमज आहे. चारकोल उजेडाने उडत नाही, तो कार्बन आहे. पिवळा पडतो तो कागद. म्हणून कागदावरच्या कामांना लावतात तीच ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) आसपासची मर्यादा पाळायची. त्याहून मोठी अडचण आरशाची. काळं चित्र काचेआड गेलं की ते आरसा होतं आणि प्रेक्षकाला स्वतःचा शर्ट दिसतो. समोरची भिंत गडद ठेवा, समोर खिडकी किंवा उजळ चित्र नको, दिवा वरून, उभ्या रेषेपासून ३० अंशांच्या कोनात. अर्धी तक्रार तिथेच मिटते.

थेट भिंतीवर काढायचं तर भिंत आधी तपासा. प्लॅस्टिक पेंटवर कांडी घसरते, पूड सगळी जमिनीवर. चुन्याची किंवा साध्या डिस्टेंपरची भिंत उत्तम धरते. प्लॅस्टिक पेंटच असेल तर पांढऱ्या रंगात संगमरवराची बारीक पूड मिसळून एक हात द्यायचा, दोन दिवस वाळू द्यायचा. काम वरून खाली करत यायचं, कारण वरची धूळ खाली येणारच. जमिनीवर ओला कापडी पट्टा अंथरा. झाडूने झाडलं तर धूळ उडून कोऱ्या भागावर बसते. एसीचा झोत भिंतीकडे असेल तर झडप फिरवून घ्या. प्रदर्शन सुरू झालं की कंबरेपासून खांद्यापर्यंतच्या पट्ट्यात चित्र पुसट व्हायला लागतं, पाठीवरच्या बॅगांमुळे. भिंतीपासून दोन फुटांवर जमिनीवर रेघ हवी, आणि चित्रकाराने आठवड्यातून एकदा येऊन तो पट्टा पुन्हा भरायचा, हे करारातच लिहून घ्या.

शेवटच्या दिवशी भिंत कोरी करून द्यावी लागते. घाईने वरून पांढरा रंग मारायला घेतात आणि रोलरच्या दुसऱ्याच फेरीत सगळी बादली करडी होते, कारण कोळसा अजूनही नुसता बसलेलाच असतो. आधी व्हॅक्यूमच्या मऊ ब्रशने भिंतीवरची पूड खालपर्यंत ओढून घ्यायची, मग भिंत ओल्या फडक्याने टिपायची, मग लाखेच्या प्रायमरचा एक हात, तो वाळल्यावर पांढरा. दहा बाय वीस फुटांच्या भिंतीला दोन माणसांचा पूर्ण दिवस धरा.