केस पेपर फुकट, पण गोळीचं काय?

सकाळचे साडेनऊ. ग्रामीण रुग्णालयाच्या केस पेपरच्या खिडकीपासून लाइन पार बाहेरच्या कडुलिंबापर्यंत गेलीये. या लाइनमधल्या एक आजी दर महिन्याला येतात, बीपी आणि शुगरच्या गोळ्यांसाठी, मागचा केस पेपर चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेला.

केस पेपरला आता पैसे पडत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सगळ्या दवाखान्यांत तपासणी, उपचार मोफत झालेत. सरकारी मेडिकल कॉलेजची आणि महापालिकांची हॉस्पिटलं त्यात आली नाहीत, आणि हे बऱ्याच जणांना तिथल्या खिडकीवर उभं राहिल्यावरच कळतं.

दुसरीकडे विमा. २ जुलै २०१२ ला ८ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तेव्हा पिवळं नाहीतर केशरी रेशन कार्ड लागायचं आणि कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळायचे. २०१७ ला तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, आणि २०२३ मध्ये सरकारने ठरवलं की पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, म्हणजे राज्यात सगळ्यांनाच, ५ लाखांपर्यंत कव्हर. ही खरंच मोठी गोष्ट आहे, बायपाससाठी जमीन गहाण टाकलेली घरं मी जवळून बघितलीयेत.

पण ही योजना मुख्यतः अ‍ॅडमिट होणाऱ्या पेशंटची, यादीतल्या उपचारांची. किडनी गेली की डायलिसिसचा खर्च मिळतो, ती जाऊ नये म्हणून रोज घ्यायची जी बीपीची गोळी आहे ती मात्र दवाखान्याच्या औषधखिडकीवरच मिळायला पाहिजे, आणि माझ्या मते सगळ्यांसाठी आरोग्य म्हणायचं तर सुरुवात त्या खिडकीपासून करावी लागेल.

तमिळनाडूने ती तिथूनच केली. १९९४ मध्ये औषध खरेदीसाठी वेगळं महामंडळ काढलं, जिल्ह्यांत गोदामं उभारली, प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखं पासबुक दिलं, जेवढं औषध उचललं तेवढी रक्कम त्यातून वजा. आपल्याकडे अशा प्राधिकरणाचा कायदा झाला २०२३ मध्ये, मधे जवळपास ३० वर्षं गेली.

साडेअकराला आजींचा नंबर लागतो. शुगरच्या गोळ्या मिळतात, बीपीच्या संपल्यात, चिठ्ठीवर लिहून देतात, बाहेरून घ्या. रस्त्यापलीकडच्या मेडिकलमध्ये आजी कनवटीचे पैसे मोजतात आणि म्हणतात, "पाचच दे बाबा." तो कात्री घेऊन स्ट्रिप मधोमध कापतो.