छपराने जगवलेला पूल

आधी नुसता आवाज ऐका. कार लाकडी पुलातून जातेय. मामेभावाने मोबाईल खिडकीबाहेर धरून शूट केलंय म्हणून हलतंय, सांभाळून घ्या.

हा अमेरिकेतला कॉर्निश-विंडसर पूल, कनेक्टिकट नदीवरचा. या टोकाला न्यू हॅम्पशायर राज्यातलं कॉर्निश, पलीकडे व्हर्मांट राज्यातलं विंडसर. साधारण 449 फूट लांब, 1866 चा, आणि वर घरासारखं छप्पर.

छप्पर कशाला? माणसं भिजू नयेत म्हणून नाही हो, लाकूड भिजू नये म्हणून. आपण चाळीच्या कौलांवर जूनच्या आधी ताडपत्री टाकतो ना, तेच. उघडा लाकडी पूल थोड्या वर्षांत कुजायला लागतो, झाकलेला शंभरी पार करतो. गंमत म्हणजे तिकडे हिवाळ्यात अशा पुलांच्या आत मुद्दाम बर्फ आणून पसरायचे, कारण घोड्यांच्या घसरगाड्या सुक्या फळ्यांवर सरकायच्या नाहीत. ते फुटेज आपल्याकडे नाही, भाऊ गेला ऑक्टोबरात.

आता बाजू बघा, जवळून. तिरक्या जाड तुळयांची जाळी, मधल्या फटी अगदी शंकरपाळ्यासारख्या. तुळया जिथे एकमेकींवरून जातात तिथे खाच पाडून बसवल्यात. जेम्स टास्कर आणि बेला फ्लेचर या दोघांचं काम. मार्च 1866 च्या पुरात आधीचा पूल वाहून गेला, तो इथला तिसरा, तर यांनी काठाजवळच्या कुरणात सांगाडा जुळवला, मग नदीवर नेला आणि त्याच वर्षी नवा पूल उभा. हातातलं कसब म्हणतात ते हे.

वरची पाटी वाचा: घोडे पळवू नका, चालीने न्या, नाहीतर दोन डॉलर दंड. टोल तर 1943 पर्यंत होता.

1987 ला पूल बंद पडला, 1989 ला दुरुस्त होऊन उघडला, तोवर लोकांना वळसा. पण पाडला नाही! आपला मुंबईतला कर्नाक पूल 1868 चा, याच्याहून दोन वर्षांनी धाकटा, 2022 मध्ये पाडला. धोकादायक झाला होता, मान्य आहे, तरी जीव हळहळतोच.

आता कार मधोमध आलीय, भाऊ ओरडतोय, "व्हर्मांट लागलं!" अरे नाही लागलं. नदी जवळपास सगळी न्यू हॅम्पशायरची आहे, पार विंडसरच्या काठापर्यंत.