डॉक्टर बोमाँट आणि अलेक्सिसचं पोट

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय ते अमेरिकन लष्करातल्या एका सर्जनबद्दल, विल्यम बोमाँट त्यांचं नाव. जठरात अन्नाचं नेमकं काय होतं हे जिवंत माणसात डोळ्यांनी बघून, घड्याळ लावून, वर्षानुवर्षं लिहून ठेवणारे ते पहिले. पण ही गोष्ट त्यांच्या एकट्याची नाही, ती अलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या एका गरीब नावाड्याचीही आहे, आणि आज मी दोघांची नावं बरोबरीनेच घेणार आहे कारण तसंच घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बोमाँट १७८५ साली कनेटिकट राज्यातल्या लेबनन गावात शेतकऱ्याच्या घरी जन्मले. मेडिकल कॉलेजची पायरी ते कधी चढले नाहीत. आधी शाळामास्तर झाले, मग व्हर्माँटमधल्या एका डॉक्टरांच्या हाताखाली राहून शिकले, म्हणजे औषधं कुटायची, पेशंटकडे बरोबर जायचं, रात्री पुस्तकं वाचायची, असं सगळं. १८१२ मध्ये परवाना मिळाला आणि तेव्हाच इंग्लंडशी युद्ध पेटलं होतं म्हणून लगेच सैन्यात गेले. १८१३ मध्ये यॉर्कला, म्हणजे आजच्या टोरोंटोला, दारूगोळ्याचं कोठार उडालं तेव्हा जखमींचे हातपाय कापायची वेळ त्यांच्यावर आली होती. उघड्या जखमा बघून न डगमगणं ते तिथे शिकले असणार.

आता चला १८२२ सालात. ह्युरॉन सरोवरात मॅकिनॉ नावाचं बेट आहे, तिथल्या किल्ल्यावर बोमाँट डॉक्टर होते. जनावरांच्या फरचा मोठा धंदा होता तिथे, उन्हाळा आला की कॅनडातले फ्रेंच बोलणारे नावाडी होड्या भरून कातडी आणायचे आणि बेट नुसतं गजबजून जायचं. ६ जूनला सकाळी अमेरिकन फर कंपनीच्या दुकानात कुणाच्या तरी हातातली छऱ्याची बंदूक चुकून उडाली आणि समोर अगदी हातभर अंतरावर उभा होता अलेक्सिस, वय फार तर वीस. डावीकडच्या बरगड्या फुटल्या, फुप्फुसाचा टर्कीच्या अंड्याएवढा भाग बाहेर आला आणि त्याच्या खाली जठरालाच भोक पडलं, सकाळचा नाश्ता त्यातून बाहेर येत होता. बोमाँट अर्ध्या तासात पोचले, जखम साफ केली, पण हा काही ३६ तास काढत नाही असंच त्यांना वाटलं.

अलेक्सिस जगला. पहिले १७ दिवस खाल्लेलं सगळं त्या भोकातून बाहेर पडायचं, म्हणून गुदमार्गाने पोषण देत होते. मग भोकावर घट्ट पट्टी बांधली की अन्न आत टिकायला लागलं. जखम हळूहळू भरत गेली पण भोक काही बुजलं नाही, जठराची कड छातीच्या भिंतीला चिकटून तशीच जुळली आणि पोटात थेट बोट घालता येईल असा रस्ताच राहिला. पुढे आतल्या अस्तराची एक घडी वाढून भोकावर झडपेसारखी बसली, त्यामुळे पट्टीशिवायही अन्न बाहेर येईना, आणि बोटाने झडप जरा आत ढकलली की आतलं सगळं दिसायचं.

१८२३ मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की याचा खर्च आता आम्ही करणार नाही, याला होडीत बसवून कॅनडाला पाठवून द्या. तसल्या अवस्थेत तो प्रवास म्हणजे मरणच होतं. बोमाँटनी त्याला स्वतःच्या घरी नेलं, स्वतःच्या पगारातून खायला घातलं, रोज मलमपट्टी केली, आणि त्यांचा पगार काही फार नव्हता, घरी बायकोमुलं होती. हे आधी सांगतोय कारण पुढचं ऐकताना त्यांचा राग येऊ शकतो, आणि त्या रागात ही बाजू विसरली जायला नको.

तोपर्यंत पचनाबद्दल डॉक्टर लोकांत नुसती भांडणं होती. कोणी म्हणे पोट अन्न दळतं, कोणी म्हणे आत ते सडतं किंवा आंबतं, कोणी म्हणे उष्णतेने शिजतं. फ्रान्समध्ये रेओम्यूर यांनी पाळलेल्या घारीवर प्रयोग केले होते, इटलीत स्पालान्झानी यांनी कापडाच्या पिशव्यांत अन्न भरून स्वतः गिळलं होतं, १८२४ मध्ये लंडनच्या विल्यम प्राउट यांनी जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे दाखवलं होतं. पण काम चालू असलेलं जिवंत माणसाचं जठर समोर ठेवून तासन् तास बघायला कुणालाच मिळालं नव्हतं.

१ ऑगस्ट १८२५, दुपारचे बारा. बोमाँटनी रेशमाच्या दोऱ्याला थोड्या थोड्या अंतरावर तुकडे बांधले, मसाल्यात शिजवलेलं बीफ, खारवलेलं कच्चं डुकराचं मांस, खारवलेलं कच्चं बीफ, उकडलेलं बीफ, शिळा पाव आणि कच्चा कोबी, आणि दोरा भोकातून आत सोडला. अलेक्सिस घरातली कामं करत फिरत राहिला. एक वाजता दोरा ओढून बघितला तर कोबी आणि पाव अर्धे विरघळलेले, मांस जसंच्या तसं. परत आत. दोन वाजता कोबी, पाव, डुकराचं मांस आणि उकडलेलं बीफ दोऱ्यावरून साफ गायब. पुढे अलेक्सिसचं पोट दुखायला लागलं, दुसऱ्या दिवशी मळमळ, डोकेदुखी, आणि बोमाँटनी काय केलं तर जुलाबाच्या गोळ्या त्याच भोकातून आत टाकल्या, आणि त्या गिळल्यासारख्याच लागू पडल्या!

त्यानंतर सहा दिवसांनी जे केलं ते मला सगळ्यात मोठं वाटतं. उपाशी अलेक्सिसच्या पोटात थर्मामीटर घालून तापमान मोजलं, ते भरलं १०० अंश फॅरेनहाइट. मग रबरी नळीने थोडा जठररस बाहेर काढून बाटलीत भरला, त्यात उकडलेल्या बीफचा तुकडा टाकून बाटली तेवढ्याच गरम पाण्यात ठेवली आणि त्याच वेळी तसाच एक तुकडा दोऱ्याने पोटात सोडला. पोटातला तुकडा दोन तासांत संपला. बाटलीतला विरघळायला दहा तास लागले, पण विरघळला, पोटाबाहेर, काचेत! म्हणजे दळणं नाही, सडणं नाही, या रसातच काहीतरी आहे जे मांस विरघळवतं, आणि पोटाची हालचाल ते काम वेगाने करते. वाद संपवायला हा एक प्रयोग पुरेसा होता खरं तर.

मग अलेक्सिस न सांगता कॅनडाला निघून गेला. लग्न केलं, मुलं झाली, परत होडी वल्हवायला लागला. बोमाँटनी फर कंपनीच्या माणसांकरवी त्याला शोधून काढलं आणि १८२९ मध्ये तो बायकामुलांसकट मिसिसिपीच्या काठी प्रेअरी द्यू शिएनच्या किल्ल्यावर आला. दिवसा लाकडं फोडायची, ओझी वाहायची आणि मधेमधे प्रयोगाला आडवं व्हायचं. कधी कधी तर जठररस आणि अन्न भरलेल्या बाटल्या काखेत दाबून फिरायचा, अंगाच्या उबेने त्या गरम राहाव्यात म्हणून. किती कंटाळत असेल, किती चिडत असेल! आणि तो चिडला की बोमाँट तेही टिपून घ्यायचे, की रागात पोटात पित्त दिसतं, पचन बिघडतं. दारू जास्त झाली की आतल्या अस्तरावर लाल चट्टे दिसायचे, आणि अलेक्सिसला मात्र वरून काहीच जाणवत नसायचं. रस सतत पाझरत नाही, अन्न आलं की सुटतो, हेही त्यांनीच बघितलं. चवीला तो किंचित खारट आणि चांगलाच आंबट, असं त्यांनी लिहिलंय.

१८३२ मध्ये रीतसर करार झाला, वर्षाला १५० डॉलर, खाणं, कपडे, राहणं, आणि त्याबदल्यात पोट प्रयोगासाठी उपलब्ध. अलेक्सिसला लिहिता येत नव्हतं, त्याने सहीच्या जागी फुली मारली. नंतर सैन्यात नोकरीवरही घेतलं त्याला, म्हणजे पगार सरकारातून निघेल. त्याची संमती होती का? कागदावर होती. पण पोटापाण्याची दुसरी सोय नसलेल्या, वाचताही न येणाऱ्या माणसाची संमती तोलायला आज आपण जी तागडी वापरू तिच्यात ती फुली फार हलकी ठरेल असं माझं मत आहे.

या प्रयोगांवरचं बोमाँटचं पुस्तक १८३३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या प्लॅट्सबर्गला छापलं, हजार प्रती, दोनशेहून जास्त प्रयोग आणि शेवटी ५१ निष्कर्ष. पुढच्याच वर्षी जर्मन भाषांतर आलं. त्यात कुठला पदार्थ किती वेळात पचतो याचा एक तक्ता आहे. शिजवलेला भात एक तास, भाजलेलं डुकराचं मांस सव्वापाच तास. आजारी माणसाला मऊ भात देणाऱ्या आपल्या घरातल्या बायकांना हा तक्ता बघून मुळीच आश्चर्य वाटणार नाही. रसात आम्लाशिवाय आणखी काही तरी आहे असं बोमाँटना वाटायचं, ते म्हणजे पेप्सिन, मांस पचवणारा रसातला घटक, १८३६ मध्ये जर्मनीच्या थिओडोर श्वान यांना सापडलं.

१८३४ मध्ये अलेक्सिस कॅनडाला गेला तो परत आला नाही. बोमाँट वर्षानुवर्षं पत्रं लिहीत राहिले, पैसे कबूल केले, पण घरच्यांना सोडून यायला तो तयार नव्हता आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. सैन्य सोडून बोमाँट सेंट लुईसला प्रॅक्टिस करत होते, १८५३ मध्ये पेशंटच्या घराच्या बर्फाळ पायऱ्यांवरून घसरून पडले आणि थोड्याच आठवड्यांत वारले. पोटाला भोक असलेला अलेक्सिस त्यांच्यानंतर २७ वर्षं जगला.

तो १८८० मध्ये क्यूबेकमध्ये गेला तेव्हा विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरला पोस्टमॉर्टेम करून ते जठर म्युझियमला द्यायचं होतं. घरच्यांनी साफ नकार दिला. मुद्दाम प्रेत उन्हाळ्यात काही दिवस घरी ठेवलं, कुणाच्या उपयोगाचं राहू नये म्हणून, आणि मग आठ फूट खोल पुरलं, कुणी उकरून नेऊ नये म्हणून. अख्खं आयुष्य त्याच्या पोटात लोक डोकावत आले होते, आता बास, असं त्यांनी ठरवलं आणि ते पार पाडलं. त्यानंतर ८२ वर्षांनी, १९६२ मध्ये, कॅनडातल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला पुरलं त्या गावात त्याच्या नावाची पाटी लावली आणि आपल्या व्याधीतून याने सगळ्या माणसांची सेवा केली असं तिच्यावर लिहिलं. नमस्कार.