आधी न्यूट्रिनो, मग उजेड

ही चिलीतली लास कंपानास वेधशाळा. उघडाबोडका डोंगर, कोरडी हवा आणि गावांच्या दिव्यांपासून लांब असलेलं काळंभोर आकाश.

२३ फेब्रुवारी १९८७ची रात्र. दुर्बीणचालक ऑस्कर दुहाल्दे बाहेर आला आणि मोठ्या मॅजेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, त्याला एक जादा तारा दिसला. नुसत्या डोळ्यांनी! थोड्या वेळाने तिथल्याच निरीक्षक इयान शेल्टनने तीन तास उघडी ठेवलेली फोटोची काच धुतली. तिच्यावर तोच ठिपका. खात्री करायला शेल्टनही बाहेर आला, मान वर केली. १६०४नंतर इतका ठळक अतिनवतारा (सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट होऊन झळकणारा तारा) कुणी पाहिला नव्हता. असं आकाश राखलं, तरच असं काही दिसतं. (महाराष्ट्रातून हा मेघ दक्षिण क्षितिजावर जेमतेम डोकावतो.)

हा स्फोटाआधीचा फोटो. बाणाशी दिसतो तो निळा महाकाय तारा, वस्तुमान सूर्याच्या सुमारे वीसपट. अशा ताऱ्याच्या गाभ्यातला हायड्रोजन साधारण एक कोटी वर्षं पुरतो. मग हेलियम, कार्बन, निऑन, ऑक्सिजन. प्रत्येक इंधन आधीच्यापेक्षा लवकर संपतं. सिलिकॉन तर काही दिवसांतच. उरतं लोखंड, आणि लोखंड जोडून ऊर्जा मिळत नाही, उलट खर्ची पडते. आधार सुटतो. पृथ्वीएवढा गाभा सेकंदाच्या आत कोसळून काही डझन किलोमीटरांचा होतो, आणि त्यातूनच ताऱ्याचा स्फोट होतो.

आता जपान. कामिओकाच्या खाणीत, एक किलोमीटर खोल, तीन हजार टन शुद्ध पाण्याचं टाकं. भिंतींवरचे हे प्रकाश टिपणारे काचेचे गोळे बघा, एकेक अर्धा मीटर रुंद. टाकं बांधलं होतं प्रोटॉनचा क्षय, म्हणजे त्याचं आपोआप तुटणं, शोधायला. पण त्या दिवशी, ताऱ्याचा उजेड पोचण्याच्या सुमारे तीन तास आधी, तेरा सेकंदांत इथे अकरा न्यूट्रिनोंची, म्हणजे पदार्थातून जवळजवळ न अडता आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांची, नोंद झाली. स्फोटाची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला तास लागतात. न्यूट्रिनो मात्र गाभ्यातून थेट निसटतात, आणि स्फोटाची ९९ टक्के ऊर्जा तेच घेऊन जातात.

आणि हे हबल दुर्बिणीने टिपलेलं ताऱ्याभोवतीचं कडं. स्फोटाआधी सुमारे २० हजार वर्षं ताऱ्याने झटकून टाकलेला हा वायू. लाट येऊन धडकली, आणि माळेतल्या मण्यांसारखा एकेक ठिपका पेटत गेला.

बाहेर फेकलेला ऑक्सिजन आणि लोखंड पुढे नव्या ताऱ्यांत, ग्रहांत जाईल. मधोमध काय उरलं? २०२४मध्ये वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून तिथे न्यूट्रॉन तारा, म्हणजे कोसळलेला अतिघन गाभा, असल्याच्या भक्कम खुणा मिळाल्या.