चित्रात आधी काय दिसावं?

नमस्कार, श्रोते हो. शाळेत चित्रकला शिकणारी मुलं, त्यांचे आईबाबा आणि माझ्यासारखे कलाशिक्षक, अशा तिघांशीही आज बोलायचं आहे.

एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना समतोल, लय, प्रमाण, विरोध, सुसंवाद ही नावं पाठ असतात. विचारलं की धडाधड सांगतात. पण कोरा कागद समोर आला की पेन्सिल थेट कोपऱ्यातल्या सूर्याकडे वळते आणि तत्त्वं वहीतच राहतात. मला वाटतं, आपण ती उलट्या टोकानं शिकवतो. एक प्रश्न आधी विचारायला हवा: माझं चित्र बघणाऱ्याला सगळ्यांत आधी काय दिसावं? याचं उत्तर ठरलं की बाकीची तत्त्वं त्याच्या मागोमाग येतात.

उदाहरण आपल्या घरचंच घेऊ. नागपुरात स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, मुलांच्या आवडीचा विषय म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची मारबत, काळ्या आणि पिवळ्या अशा दोन भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. एका मुलीनं काढलेलं असं एक चित्र डोळ्यांपुढे आणा. डावीकडे काळी मारबत, उजवीकडे पिवळी, दोघी एकाच उंचीच्या. मधे माणसांची रांग, सगळे आपल्याकडे तोंड करून उभे, सगळे सारख्या मापाचे. मागे घरं, प्रत्येक घराला खिडक्या आणि प्रत्येक खिडकीला गज. मेहनत भरपूर आहे, रंग कुठे बाहेर गेलेला नाही, पण नजर एका जागी ठरत नाही. सगळंच महत्त्वाचं झालं, म्हणून काहीच महत्त्वाचं राहिलं नाही.

आता त्याच मुलीला विचारा, "बाळा, गर्दीत उभं राहून तुला सगळ्यांत जास्त काय दिसलं?" ती म्हणेल, काळी मारबत, केवढी मोठी होती ती! मग तीच मोठी काढायची. एवढी मोठी, की डोकं कागदाच्या वरच्या कडेला टेकेल. पिवळी मारबत दूर, रस्त्याच्या वळणावर, लहानशी. अगदी पुढे बघ्यांची फक्त डोकी आणि खांदे, तेही पाठमोरे, काही कागदाच्या कडेला अर्धे कापले गेलेले. मुलांना असं अर्धवट माणूस काढायची फार भीती वाटते, मार्क कापतील असं वाटतं. पण कडेला कापलेलं डोकंच सांगतं, की गर्दी कागदाच्या बाहेरही पसरली आहे. आणि त्या लहान डोक्यांमुळे मारबत अवाढव्य दिसते. प्रमाण म्हणतात ते हेच.

एवढ्यावर भागत नाही. काळी मारबत गडद घरांसमोर काढली तर ती त्या घरांत बुडून जाईल. तिच्यामागे उजळ आकाश हवं. उलट पिवळीच्या मागे उजळ आकाश ठेवलं तर ती फिकी पडेल, तिच्यामागे एखादी सावलीतली भिंत द्यायची. हा झाला विरोध. खिडक्यांचे गज सोडून द्यायचे, घरांना एक सपाट छटा पुरे. हे सोडून देणं मुलांना सगळ्यांत जड जातं. जास्त काढलं म्हणजे जास्त चांगलं, असं आपणच त्यांच्या मनात भरवलेलं असतं.

ज्यांनी पुढे अनेक वर्षं एकाच आकारावर नजर ठेवली असे चित्रकार सय्यद हैदर रझा आपल्या नागपुरात शिकले, हे मुलांना आवर्जून सांगावं. 1922 साली मंडला जिल्ह्यात जन्म, नागपूरच्या कलाशाळेत शिक्षण, मग मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि 1950 मध्ये फ्रान्स. लहानपणी वर्गात लक्ष लागत नाही म्हणून गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, ही आठवण ते सांगत असत. पुढे तोच बिंदू त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. मोठा काळा गोल, आणि भोवतीचे रंग त्याच्याकडे नजर नेणारे. चित्रात एका गोष्टीला प्राधान्य कसं द्यावं, हे समजायला ही चित्रं फार उपयोगी आहेत.

तोलाबद्दल थोडं. मुलं तोल म्हणजे दोन्हीकडे सारखंच, असं धरून चालतात. तसा तोल असतो, आणि तो दीक्षाभूमीच्या स्तूपासमोर उभं राहिलं की सहज कळतो: मधोमध घुमट, दोन्ही बाजू जुळणाऱ्या, म्हणूनच तिथे मन स्थिर होतं. पण झिरो माइलजवळ, म्हणजे आपल्या नागपुरातल्या त्या जुन्या दगडी खांबाजवळ आणि घोड्यांच्या पुतळ्यांजवळ, थांबून बघा. खांब एकटाच, पण उंच. घोडे ठेंगणे, पण चार. दोन्ही बाजू वेगळ्या असूनही एकमेकींना पेलतात. तराजूत एकीकडे किलोचं वजन आणि दुसरीकडे मोकळी भाजी असली तरी काटा मधे येतो, तसंच हे. मारबतीच्या चित्रात डावीकडच्या काळ्या मोठ्या आकाराला उजवीकडची लहानशी पण झळझळीत पिवळी पेलते, कारण नजर तेज रंगाकडे आपोआप जाते.

आता वस्तुचित्र. पितळेचा लोटा आणि तीन संत्री. मुलं संत्री एका ओळीत, सारख्या अंतरावर मांडतात. मांडणी करतानाच विचार हवा: दोन संत्री एकमेकांना थोडी झाकणारी, तिसरं जरा बाजूला, अर्धवट सोललेलं. सोललेल्या भागात सालीच्या आतला पांढुरका थर, फोडींच्या रेषा आणि बाहेरची बारीक खड्ड्यांची साल, असे तीन वेगळे पोत एकाच फळात मिळतात. नजर तिथेच जाणार, तर तपशीलही तिथेच भरा, लोट्यावर थोडक्यात आटपा.

आणि कृपा करून सावलीसाठी लगेच काळी बाटली उघडू नका. नारिंगी रंगात काळा पडला की तो मळतो. सावलीच्या बाजूला आधी नारिंगीत थोडा लाल घाला, मग अगदी चिमूटभर निळा. निळा हा नारिंगीचा विरोधी रंग, त्यामुळे थोडा मिसळला की तो नारिंगीचा तेजपणा खाली आणतो, पण रंग जिवंत ठेवतो. तोच निळा शेजारी लावला तर उलटं होतं, संत्रं उजळून उठतं. म्हणून पांढऱ्या कापडावर पडलेल्या सावलीत निळसर छटा देऊन पाहा. पितळेच्या लोट्यावर संत्र्याचं प्रतिबिंब असतं, तेही शोधा. लोट्याचा रंग संत्र्यात आणि संत्र्याचा लोट्यात थोडा उतरला की सुसंवाद आपसूक साधतो.

लय संकल्पचित्रात, म्हणजे नक्षीच्या चित्रात, लागते आणि मुलांना ती बऱ्यापैकी जमते. एवढंच सांगेन, की तेच फूल त्याच मापात ओळीनं छापत जाऊ नका. तान्ह्या पोळ्यात मुलं लाकडी नंदी घेऊन उभी राहतात, तेव्हा नंदी सगळेच, पण कुणाचा हातभर, कुणाचा बोटभर. त्या चढउतारानंच रांग बघावीशी वाटते.

हे सगळं जमायला वेळ लागतो, पण सुरुवात सोपी आहे. मोठ्या कागदाला हात लावण्याआधी रफ वहीत काडेपेटीएवढ्या चौकटी आखा आणि त्यांत फक्त गडद, मध्यम आणि उजळ असे तीन डाग टाका. नाक, डोळे, खिडक्या काही नाही. दोन-चार चौकटी झाल्या की डोळे किलकिले करून बघा. ज्या चौकटीत ठरवलेली गोष्ट पहिली दिसते, ती मोठी करा. चित्र रंगवताना मधेच फोनवर फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करून पाहा. रंग निघून गेल्यावर मारबत आणि घर एकाच राखाडीत मिसळत असतील तर कुठे बदल हवा ते लगेच कळेल.

आईबाबांना एक विनंती. मुलानं चित्र दाखवलं की "छान आहे" म्हणून परत देऊ नका. तुमची नजर पहिली कुठे गेली ते सांगा आणि त्याला तीच जागा दाखवायची होती का, ते विचारा. सुट्टीत त्याला अजब बंगल्यात, म्हणजे 1863 साली सुरू झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात घेऊन जा. सगळी दालनं पालथी घालायची गरज नाही. एका मूर्तीसमोर वही घेऊन बसू द्या, आणि तिच्या सावल्यांचे आकार तेवढे काढू द्या.

नमस्कार.