जन्मतारीख टाका

(ठाणे, मासुंदा तलाव, संध्याकाळ)

तलावपाळीवर दिवे लागलेत. कट्ट्यावर या दोघी, गणवेश अजून अंगावर. चेहरे आम्ही मुद्दाम दाखवत नाही, हात पाहा. फोन जन्मतारीख विचारतो. अंगठा भराभर सरकतो, २००५ वर थांबतो. झालं, दार उघडलं.

इंटरनेटवरचा ‘घातक’ मजकूर मुलांपासून कायद्यानंच दूर ठेवावा, अशी मागणी होते. या दारामागचं सगळंच लहानांनी पाहावं, असं आम्हीही म्हणत नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानं मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई केली, पालकांच्या संमतीची अट घातली. बरंच झालं. पण कायद्याच्या लेखी अठराच्या आतलं प्रत्येक जण मूल. बालवाडीतलं पोर आणि बारावीतली मुलगी एकाच रांगेत.

(पालघर स्थानक, सकाळ)

हे पालघर. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते ठाणे जिल्ह्यातच होतं. बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी मुंबई बंद. बंद कशासाठी, असं इथल्या एका तरुणीनं फेसबुकवर विचारलं. मैत्रिणीनं ते लाइक केलं. दोघींना अटक झाली.

लावलेल्या कलमांत एक होतं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ. त्रास व्हावा, गैरसोय व्हावी म्हणून खोटी माहिती पाठवली, तर तीन वर्षांपर्यंत कैद. त्रास म्हणजे नेमकं काय, हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते ठरवायचं पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी. या अटकेनंतर दुसऱ्याच एका तरुणीनं सर्वोच्च न्यायालय गाठलं. २४ मार्च २०१५ रोजी न्या. चेलमेश्वर आणि न्या. नरिमन यांनी ते कलमच रद्द केलं. शब्द मोघम असला की त्यात कुणीही सापडतो, हे पालघरनं देशाला दाखवलं. मुलांना ‘घातक’ काय, हे लिहिताना तो शब्द असाच सैल सुटू नये, एवढंच आमचं मागणं आहे.

अमेरिकेनं १९९६ मध्ये मुलांसाठी म्हणून इंटरनेटवरचा ‘असभ्य’ मजकूर गुन्हा ठरवला होता. पुढच्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ती कलमं मोडीत काढली. आता वारं उलटं आहे: डिसेंबर २०२५ पासून ऑस्ट्रेलियात सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातं नाही.

मूल कोण हे ओळखायचं, तर वय मोठ्यांचंही तपासावं लागतं. आणि पाळीबद्दल, घरातल्या छळाबद्दल कुणाला विचारता न येणारी मुलगी दारातच अडते.

(पुन्हा तलावपाळी, रात्र)

फोन आईचा आहे. संमतीसाठी ओटीपी आला, तर तोही याच हातात येणार. साडेआठ वाजले. दोघी दप्तरं उचलतायत.