कुठून येऊन राहिले जी?

(दृश्य : नागपूरचं सदर, रविवारची सकाळ. फाटकाशी दुचाकी लावायची गडबड.)

सदरची दुकानं अजून उघडायची आहेत, पण चर्चच्या आवारात गाडी लावायला जागा नाही. या गर्दीत पहिल्यांदा आलेला माणूस लगेच कळतो. तो दाराशी थांबतो, चपलांचं काय करायचं ते इतरांच्या पायांकडे बघून ठरवतो आणि सगळ्यात मागच्या बाकाचं टोक धरतो.

कोणी मेडिकलला शिकायला आलेलं, कोणी मिहानमध्ये नोकरीला लागलेलं. कोणाचा पेशंट दवाखान्यात भरती, म्हणून गोंदियाहून आलेलं. आणि कोणी ख्रिस्ती नसलेलंही, नुसतं बघावं म्हणून.

(दृश्य : भिंतीवरची लाकडी पाटी, गीतांचे क्रमांक.)

पेटीचा सूर लागतो. सगळे उठतात, हा अर्धवट उठतो. शेजारच्या आजी काही विचारत नाहीत. आपलं ‘उपासना संगीत’ उघडतात, पान त्याच्याकडे वळवतात, ओळीखाली बोट ठेवतात. आजींना गीत पाठच आहे. दुसऱ्या कडव्याला तोही गुणगुणू लागतो, कारण चाल भजनाची आहे. ख्रिस्ती मराठीला हा सूर दिला तो मुख्यतः रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, आणि ते काही काळ याच नागपुरात राहिलेले.

सूचनांच्या वेळी मात्र गडबड होते. “आज प्रथमच आलेल्यांनी कृपया उभं राहावं!” हेतू चांगला, टाळ्याही मनापासून. पण लाजऱ्या माणसाला ती शिक्षाच. आमचं मत विचाराल तर आजींचं बोट पुरे होतं.

प्रभुभोजनाआधी, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि द्राक्षारस देण्याआधी, पाळकसाहेब सांगतात : बाप्तिस्मा झालेल्यांनी पुढे यावं, बाकीच्यांनी जागेवर बसून प्रार्थना केली तरी चालेल. एवढं एक वाक्य राहून गेलं, तर नवखा रांगेत अडकतो किंवा बाकावर एकटाच उरून ओशाळतो. अर्पणाच्या थैलीचंही तेच. ती नुसती पुढे सरकवली तरी कोणी वाकडं बघत नाही, पण हे त्याला कोणी सांगायला हवं ना!

(दृश्य : ऑल सेंट्स कॅथेड्रल, बाहेरून.)

एकमेकांच्या रीती समजून घेणं नागपूरला नवं नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी याच शहरात सहा चर्चपरंपरा एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. प्रभुभोजनाला कोणी वेदीपुढे गुडघे टेकणारे, कोणी बाकावर बसूनच भाकर घेणारे. कोणी तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा करणारे, तर कोणी जाणत्या वयाचाच मानणारे. बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धती मान्य झाल्या. त्या दिवशी प्रत्येकजण दुसऱ्याच्या घरी थोडा नवखाच होता.

त्याच्याही आधी, 1845 साली, मिशनरी स्टीफन हिस्लॉप स्कॉटलंडहून इथे आले तेव्हा परके तेच होते. मराठी शिकले, शाळा काढली, इथले दगड आणि जीवाश्म गोळा करत हिंडले. त्यांच्या नावाचं कॉलेज आजही आहे.

(दृश्य : व्हरांडा. चहाची किटली, पार्ले-जी.)

उपासना संपली की खरी परीक्षा इथे. “कुठून येऊन राहिले जी?” इथपर्यंत ठीक. पण पाठोपाठ “आडनाव काय?” आलं, की काही जणांचा घोट घशातच अडकतो. आपल्याकडे आडनावामागे काय शोधलं जातं, ते सगळ्यांना माहीत आहे. बायबलमधल्या याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्याला पायाशी बसवणाऱ्या मंडळीला चांगलंच झापलेलं आहे. तो उतारा वाचून झाल्यावरही हा प्रश्न विचारला जातो, हे सांगायलाच हवं.

तेवढ्यात आजी मध्ये पडतात.

“राहायला कुठे?”

“खापरीकडे, काकू.”

“मंग मेट्रोनं या ना. कस्तूरचंद पार्कले उतरा, आमचा नातू गाडी घेऊन येते तिथं. आणि चहा घ्या आधी, थंडा होऊन राहिला.”